मनगटाचं आठवं हाड

"ती पेटी ज्या पोरीकडे जाते ना, तिला शिकवायला ती स्वतः येते. पास करते, पण बदल्यात..."

कॉलेजच्या जिन्यावरच्या दोघी एवढं बोलल्या नि हिला पाहून भराभर उतरून गेल्या.

ही म्हणजे आपल्या माडीवरच्या शिंपीणबाईंची लेक, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची. खोटं वाटत असेल तर पोरांनो, तिलाच जाऊन विचारा. त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोरीला वरच्या वर्गातली एक ताई नेमून देतात, शिकवायला आणि धीर द्यायला. अभ्यासाला लागणारी हाडांची पेटी अशीच एकीकडून दुसरीकडे जाते. तीच आणायला ही आपल्या ताईकडे गेली होती. झाकणावर आधीच्या मुलींची नावं. एक खरवडलेलं.

"हे नाव कोणाचं गं ताई?"

"ती? परीक्षेच्या आदल्या रात्री... जाऊ दे. मनगटाची हाडं आठ असतात, यात सातच आहेत. एक कधीचं हरवलंय. रात्री येते मी, उद्याची तयारी करून घेऊ."

उद्या तोंडी परीक्षा. दोनदा आपटलेली पोर, ही शेवटची संधी. आईने बजावलंच होतं, "या खेपेला राहिलीस तर बस माझ्याशेजारी काजं करत!"

मागल्या महिन्यातला गुरुवार. रात्रीचे पावणेदहा. आई गिऱ्हाइकाकडे कपडे द्यायला गेलेली. वीज गेली, आणि दार वाजलं.

"ये ताई. थांब, मेणबत्ती शोधते."

"नको. हाडं हातानं ओळखायची. कडी लाव. बस."

तळहातावर हाड पडलं.

"उजवं की डावं?"

चुकलं. पुन्हा. पुन्हा चुकलं. पुन्हा. ओरडणं नाही, कंटाळणं नाही. फक्त बोटं गार होती तिची. पाण्यातून काढल्यासारखी.

शेवटी मनगट. एक... दोन... सहा. सात.

आठ.

हिचा हात थांबला.

"ताई... यात तर सातच..."

नुसता श्वास ऐकू येत होता.

तो हिचाच होता.

साडेदहाला दिवे आले. खोलीत कोणी नाही. दाराला आतून कडी. तेवढ्यात फोन. ताईचा.

"सॉरी गं राणी, वॉर्डातच अडकले. आज काही येता आलं नाही बघ."

पोरगी पास झाली. पहिल्या पाचात.

'बदल्यात' काय गेलं म्हणून आईने घर पालथं घातलं, लेकीची बोटंसुद्धा मोजली. वरून तरी काही गेलेलं दिसलं नाही. पेटीत मात्र मनगटाचं एक हाड वाढलंय. सात हाडं जुनी, पिवळी पडलेली.

आठवं पांढरं.

महिना झाला... अजून ओलंच आहे.