चुन्याची डबी

खोटं वाटत असेल तर म्हसळ्याजवळ दादू गवंड्याच्या घरी जाऊन या. फक्त जेवायला थांबू नका.

गेल्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. भर दुपार. दादू नदीकाठच्या पडक्या किल्ल्याची भिंत सिमेंटने सांधत होता.

त्याने तंबाखू हातावर घेतली... आणि चुन्याची डबी रिकामी.

तलफ आली की माणसाला कसली शुद्ध राहत नाही. या गड्याने चक्क भिंतीच्या सांध्यात नख घातलं.

शेकडो वर्षांचा चुना. दगड झालेला असायला हवा.

तो... ओला होता.

दादूने तो तंबाखूत मळून दाढेखाली धरला.

मग तोंडभर वास सुटला... जळक्या चरबीचा. तो थुंकला. एक लांब केस मात्र बोटाने घशातून ओढून काढावा लागला.

शी!

त्या दिवसापासून भाताला तोच वास. पाण्यालाही. दादू वाळत चालला. शेवटी बायको, गोदू, त्याला धक्क्याजवळच्या जाणत्या जुलेखाचाचीकडे घेऊन गेली.

म्हातारीने नाकाला ओढणी लावली.

"किल्ला बांधला तेव्हा पलीकडच्या काठावर दुश्मनाचं राज्य होतं. इथे आधी नुसतं लाकडाचं कुंपण न् मूठभर शिपाई. भिंत घाईने बांधायची होती. चुना भाजायला शिंपले कमी पडले. त्यात शिपाई तापाने मरायला लागले..."

"मग?"

"भट्टी पेटलेलीच होती, बये. तुझ्या नवऱ्याने त्यांना खाल्लंय."

दादू तिथेच भडाभडा ओकला. त्या ओकारीत एक दात होता.

"जिथला हाय तिथे ठेवून ये," चाची म्हणाली.

गोदू किल्ल्यावर गेली. खरवडलेली जागा ओली होती. लालसर. हिरडीसारखी. तिने डोळे मिटून दात आत दाबला.

भिंतीने तो... ओढून घेतला.

त्या दुपारी दादूने स्वतःहून भात मागितला. वास न्हाय म्हणाला! गोदूला रडूच फुटलं.

तेवढ्यात... कटकन.

खडा असेल म्हणून त्याने तळहातावर काढला.

दात.

गोदूने त्याच्या तोंडात बोट फिरवलं. त्याचे सगळे दात जागेवर होते.

ती धावत चाचीकडे गेली. "चाची, भट्टीत किती मानसं घातली व्हती?"

चाचीने दार लावून घेतलं.

परवा मी दादूकडे गेलो होतो. तो आता पोटभर जेवतो. ताटाशेजारी चुन्याची डबी उघडी असते. घासागणिक तो तिच्यात काहीतरी टाकतो.

गोदूने मलाही आग्रहाने वाढलं. नाही म्हणवेना.

घरी येऊन कितीदा चूळ भरली... जीभ अजून दातांवरून फिरतेच आहे.