सहा भोकांचं झाकण

विठ्ठल तळवणेकर काही केल्या खुर्चीत टेकेनात. डिचोलीच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या कचेरीत ते जनेलापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होते. त्यांच्याकडे बघून बघून बाबलीची मान अवघडली.

"संध्याकाळी मी पोलिसात तक्रार देणार," ते म्हणाले. "नाव घालून. पल्लवी राऊळ. पण आमची यशोदा म्हणते, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, आधी सुमंगलाबाईंना विचारा. म्हणून आलो. माझी खात्री झालेलीच आहे."

"खात्री झाली असेल तर माझ्याकडे काय काम?" सुमंगला केरकर म्हणाली. "बसा आणि पहिल्यापासून सांगा."

सुमंगला पूर्वी उच्च माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. मुलांनी एकमेकांचे चोरलेले प्रकल्प पकडता पकडता तिला असली चटक लागली, की नोकरी सोडून तिनं हा तपासाचा उद्योग मांडला. बाबली तिची गाडी चालवायचा. खाणी बंद पडेपर्यंत त्यानं टिपर हाकला होता. आता तो सुमंगलाचा ड्रायव्हर, निरोप्या आणि, निदान स्वतःच्या मते, सल्लागार होता. प्रत्येक प्रकरणात जो पहिला समोर येईल तोच चोर, असं त्याचं ठाम मत असायचं.

विठ्ठलरावांचा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. पाण्याच्या पंपांची लोखंडी झाकणं तिथं तयार होत. एका मोठ्या पंप कंपनीसाठी त्यांनी वर्षभर खपून नवं झाकण तयार केलं होतं. परवा कंपनीनं बोलावून दाखवलं, तर परराज्यातल्या दुसऱ्या कारखान्यानं हुबेहूब तेच ड्रॉइंग आधीच पुढे केलेलं!

"तीच जाडी, तीच मापं. बोल्टची भोकं तेवढी त्यांची सहा, आमची आठ. दोन कमी करून लेकांनी खर्च वाचवला," विठ्ठलराव म्हणाले. "हे काम गेलं तर कारखान्याला टाळं. आणि ड्रॉइंग असतं एकाच कॉम्प्युटरवर. त्याला इंटरनेट नाही, मुद्दाम घेतलेलं नाही. पासवर्ड एकट्या पल्लवीकडे. मागच्या आठवड्यात दोन संध्याकाळी ती एकटीच मागे थांबली होती. आणखी काय पाहिजे? काल सगळ्यांसमोर चोर म्हणून बाहेर काढली."

"पोरगीच," बाबली पुटपुटला.

"पेनड्राइव्ह कोण वापरतं?" सुमंगलानं विचारलं.

"बाहेरचा आणायचाच नाही, असा नियम. एक लाल पेनड्राइव्ह आहे, तो सुपरवायझर सुदेशकडे. पल्लवीच्या कॉम्प्युटरवरून तो मशीनवर प्रोग्राम नेतो, बस्स. इंटरनेट फक्त निखिलच्या टेबलावर आहे. तिथं तो लाल पेनड्राइव्ह कधी लागत नाही."

सुमंगला उठलीच. "चला. संध्याकाळ व्हायला वेळ लागत नाही."

कोलवाळचा पूल ओलांडून तुयेला पोचेपर्यंत ती नुसती गुडघ्यावर बोटं वाजवत होती. ती बोटं वाजायला लागली की बाबलीचाही जीव थाऱ्यावर राहत नसे, आणि पाय उगाच ॲक्सिलरेटरवर पडे.

पल्लवीचा कॉम्प्युटर एका कोंदट खोलीत होता. सुमंगलानं खाली वाकून डबा न्याहाळला. पेनड्राइव्हच्या खाचेशेजारी बोटाचा पुसट लाल डाग होता. हुंगून ती म्हणाली, "कुंकू."

विठ्ठलरावांनी काल पल्लवीकडून लिहून घेतलेला पासवर्ड घालून तिनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर देवी उमटली, भरजरी शालू, अबोलीच्या वेण्या. बाबलीनं चटकन हात जोडले. त्याचं आजोळ त्याच देवीच्या गावचं.

"आमची देवी! ह्यो यंदाचो फोटो हां बाय. मागची चांदीची प्रभावळ बघ, ती ह्या नवरात्रात नवी केल्यानी."

सुमंगला कळा बडवत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाबलीदादा, यंदा खंडेनवमी कुठल्या तारखेला होती?"

बाबलीनं बोटांवर मोजून सांगितली. तिनं पडद्याकडे बघून मान हलवली.

"ह्यात वर्म आहे. किडा. ह्यानं इथं बिऱ्हाड केलं ते त्याच दिवशी."

"व्हायरस?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"त्याचा चुलतभाऊ. व्हायरसला कुणीतरी फाइल उघडून घरात घ्यावं लागतं. वर्मला तेवढंही लागत नाही. एका कॉम्प्युटरवर आला की आपल्या प्रती काढतो आणि मिळेल त्या वाटेनं पुढे सरकतो. डोळे आलेल्या माणसाचा टॉवेल घरात फिरतो ना, तसा पेनड्राइव्ह. तुमचं विंडोज जुनं, इंटरनेट नाही म्हणून कधी सुधारलेलंही नाही. नुसता लावला की काम झालं."

"पण इंटरनेट नाही, तर माल बाहेर कसा गेला?"

"तेच शोधायचंय," म्हणत ती निखिलच्या टेबलाकडे गेली.

निखिल तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. कंपन्यांशी पत्रव्यवहार तो बघायचा. त्याच्याही पडद्यावर तीच देवी होती, तीच प्रभावळ. सुमंगलानं दोन मिनिटं कळा दाबल्या आणि एकदम भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली.

"अहो, माझा मेल चाललाय!" निखिल ओरडला.

"मेलच्या मागून दुसरंही चाललं होतं. किडा तुमच्याकडेही आहे. पासवर्ड, कामगारांची आधार कार्डं, जे टाइप होईल ते उचलून बाहेर धाडतोय."

"बघा मामा! म्हणजे मीसुद्धा बळी पडलो," निखिल विठ्ठलरावांना म्हणाला. "मी सांगत होतो, त्या मुलीला कॉम्प्युटरचं फार डोकं आहे."

"खंडेनवमीला ऑफिसात पूजा कुणी केली?" सुमंगलानं मध्येच विचारलं.

"पूजा?" निखिल हसला. "आमच्या घरात सुतक होतं. मी कुंकवाला हातसुद्धा लावला नाही. सुदेशनं केली असणार."

सुदेश मशीनच्या घरघराटात उभा होता. किल्ल्यांच्या जुडग्यात लाल पेनड्राइव्ह लोंबत होता. सुमंगलानं तो मागताच त्याच्या कपाळावर घाम आला.

"मी कायएक करूक नाय हां बाय. पल्लवीकडसून घेवचा नि मशिनीक लावचा, इतक्याच माझा काम."

तिनं तो आपल्या लॅपटॉपला लावला. तिचा लॅपटॉप कसल्याच किड्याला दाद देणारा नव्हता. पेनड्राइव्हवर वरून दिसणार नाही असा एक कप्पा निघाला, आणि त्यात ड्रॉइंगांचा ढीग. अगदी नवंकोरं आठ भोकांचं झाकणसुद्धा.

"गावलो!" बाबली ओरडला. "बाय, मी सांगी होतंय, होच तो!"

"सकाळी पोरगी सांगत होतास ना रे," सुमंगला म्हणाली. सुदेश तोवर रडकुंडीला आला होता. "सुदेश, खंडेनवमीची पूजा?"

"मालकांका सुतक पडलला. तेंचे चुलते गेले. म्हणान मालक घराकडे. हय मशिनीपाशी नारळ मियाच फोडलंय. पण ऑफिसात मी पाय घालूक नाय. थंय कोणी केल्यान ता माका म्हायत नाय. देवाशपथ."

दुपार कलली होती. पत्रादेवीचा नाका ओलांडून गाडी बांद्याला पोचली तेव्हा विठ्ठलरावांचा फोन येऊन गेला होता. पाचला ते ठाण्यात जायला निघणार होते.

पल्लवीची आई दारातच आडवी आली. "आता आणि काय रवलाहा? गावभर झाला."

"आई, मी तिला चोर म्हणायला आले नाही," सुमंगला म्हणाली, आणि चपला काढून सरळ ओट्यावर बसली.

पल्लवी बाहेर आली. डोळे कोरडे, पण सुजलेले. तिच्या पगारावर घरातली चूल पेटायची, हे त्या घराकडे बघताच कळत होतं.

"मागच्या आठवड्यात संध्याकाळी का थांबलीस?"

"झाकणासाठी. पाण्याचा दाब वाढवून बघितला, तर सहा बोल्ट पुरेनात. दोन संध्याकाळी बसून मी आठ भोकं केली. विठ्ठलकाकांनीच सही केली त्यावर."

सुमंगलाची गुडघ्यावरची बोटं थांबली. "आणि खंडेनवमीला?"

पल्लवीनं बाबलीकडे बघितलं. बाबलीला खोकला आला आणि तो माडाची उंची बघायला अंगणात गेला. तरी त्याच्या कानावर पडायचं ते पडलंच.

"सकाळी गेले. कॉम्प्युटर पुसला. पूजेला बंद कसा ठेवायचा, म्हणून पासवर्ड घालून चालू केला. आणि मग अडचण आली. पूजेच्या जागी थांबायचं कसं? कुणाला न सांगता घरी आले. काकांना काय सांगणार होते?"

"परत गेलीस तेव्हा पडद्यावर देवी होती?"

"हो. बरं वाटलं. कुणीतरी भक्तीनं लावली असेल म्हटलं. देवीला काढणार कोण?"

"चप्पल घाल," सुमंगला म्हणाली. "माझ्याबरोबर तुयेला यायचंय."

पाच वाजायला आले होते. विठ्ठलराव तक्रारीचा कागद खिशात घालून केबिनमध्ये उभे होते. पल्लवी दिसताच त्यांचा चेहरा ताठ झाला. निखिल आणि सुदेशलाही सुमंगलानं आत बोलावलं.

"विठ्ठलराव, चोरांच्या ड्रॉइंगमध्ये सहा भोकं आहेत. तुम्हाला वाटलं, त्यांनी दोन कमी केली. त्यांनी काही केलं नाही. त्यांना मिळालं तेव्हा झाकणाला सहाच भोकं होती. ज्या दोन संध्याकाळींसाठी तुम्ही हिला चोर म्हणता, त्याच संध्याकाळी हिनं आठ केली. चोरी त्याच्याआधीची. सही तुमचीच आहे, आठवतंय?"

विठ्ठलरावांचा हात खिशावरून खाली आला.

"मग सुदेश? त्याच्या पेनड्राइव्हवर किड्यानं ढीग जमवून ठेवलाय, कारण किड्याची रीतच ती. इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर सापडेल ते उचलायचं, पेनड्राइव्हच्या पोटात लपवायचं, आणि तो पेनड्राइव्ह इंटरनेटवाल्या कॉम्प्युटरला लागला की तिथून बाहेर पाठवायचं. पण सुदेशच्या ढिगात आठ भोकं आहेत. हा पेनड्राइव्ह कधी निखिलच्या टेबलावर गेला असता, तर चोरांनाही आठ मिळाली असती. तो ढीग अजून वाट बघत पडलाय."

सुदेशनं सुस्कारा सोडला.

"म्हणजे दुसरा पेनड्राइव्ह होता," सुमंगला म्हणाली. "सगळे शपथेवर सांगतात, बाहेरचा आलाच नाही. खोटं नाही बोलत. त्यांना तो दिसलाच नाही, कारण तो देवीला घेऊन आला. इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर यंदाच्या नवरात्रातला फोटो आपोआप उडत येत नाही. खंडेनवमीला कुणीतरी देवी आणली, पल्लवीचा कॉम्प्युटर चालूच होता, तिथं लावली, मग इंटरनेटवाल्या टेबलावर लावली. देवीबरोबर किडा आत आला आणि ड्रॉइंग बाहेर गेलं. दुसऱ्या कशाला कुणीतरी हरकत घेतली असती. देवीला कोण घेणार?"

"पण कोण?" विठ्ठलरावांचा आवाज चिरकला.

"ज्यानं पूजा केली, त्याच्या बोटाला कुंकू होतं. ते खाचेशी लागलं. तुम्ही सुतकात, घरी. सुदेश मशीनपाशी. पल्लवी बांद्याला. निखिल म्हणतो, मलाही सुतक." ती निखिलकडे वळली. "गेले ते विठ्ठलरावांचे चुलते. सुतक भाऊकीला. तू बहिणीचा मुलगा, दुसऱ्या घराण्याचा. तुला कसलं सुतक?"

बाबलीनं कपाळावर हात मारला. सकाळपासून तो 'मामा, मामा' ऐकत होता आणि डोक्यात काही शिरलं नव्हतं.

"पूजा केली हे कुणी लपवतं का?" सुमंगला म्हणाली. "पूजेआड दुसरं काही केलं असेल तरच."

निखिल आधी हसला. मग त्याचं हसू विझलं. "त्या दुसऱ्या कारखान्यानं दिला तसा पेनड्राइव्ह एकदा फिरवला फक्त," तो म्हणाला. "एकदाच. ते मला भागीदार करणार होते. इथं दहा वर्षं झाली, मामा. पाटीवर अजून तुमचंच नाव. विचारलं की म्हणता, तू घरचाच ना!"

"घरचाच होतास रे," विठ्ठलराव म्हणाले. ते इतक्या वेळानं प्रथमच खुर्चीत बसले.

"आणि एकदाच वगैरे काही नसतं," सुमंगला म्हणाली. "सोडणाऱ्याचं घर कुठलं, हे किड्याला कळत नाही. तुझ्या टेबलावरून तुझ्या आईच्या बँकेचा पासवर्डसुद्धा गेलाय. तिला आधी फोन कर."

निखिलच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोन काढला, पण आईचा नंबर काही लागेना. कुणी त्याला मदत केली नाही, आणि बाबलीला, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं.

विठ्ठलरावांनी तक्रारीचा कागद फाडला. "बाय, उद्यापासून ये," ते खाली बघत पल्लवीला म्हणाले. "झालं गेलं विसरून जा."

पल्लवी जागची हलली नाही.

"काका, काल तुम्ही केबिनमध्ये बोलला नाहीत. मशिनांपाशी बोललात. सगळ्यांसमोर."

सुदेश पुढे सरसावला, पण सुमंगलानं त्याला डोळ्यांनी थांबवलं. विठ्ठलरावांनी दाराबाहेर मशिनांकडे बघितलं. साठीतला माणूस, स्वतःच्या कारखान्यात, स्वतःच्या कामगारांपुढे. मग ते उठले.

"सुदेश, मशिनी बंद कर. सगळ्यो."

घरघर एकेक करून थांबली. माणसं हात पुसत गोळा झाली. विठ्ठलराव मधोमध उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून कचेरीतली मराठी पार गळून पडली.

"काल हयच उभो रवान मी ह्या पोरीक चोर म्हटलंय. ती चोर नाय. चोर माझ्याच घरातलो. माका दिसाक नाय, कारण माका बघूचाच नव्हता." त्यांनी हात जोडले. "बाय, चुकलंय."

काल चोर ऐकताना जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती पल्लवी तिथंच ओंजळीत तोंड लपवून हमसाहमशी रडायला लागली, आणि तिला आवरावं असं कुणालाही वाटलं नाही.