वीतभर गाळ

"माझ्या गोदीत कुणीतरी गाळ आणून टाकलाय," बाई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. "वीतभर, सगळीकडे. आणि कुणी टाकला तेही मला माहीत आहे."

"मग आमच्याकडे कशाला आलात?" ताईंनी विचारलं.

"पुरावा हवाय."

ताई खासगी शोधक होत्या. लोक त्यांना पाठीमागे 'कानस' म्हणत, कारण एखादी गोष्ट घासायला घेतली की गुळगुळीत झाल्याशिवाय त्या सोडत नसत. मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन बसलेला त्यांचा मदतनीस हा त्यांचाच सख्खा भाऊ. वय अठ्ठेचाळीस, पण अजून बाळ्याच.

"गाळ कुणी चोरून नेला तर एक वेळ समजू शकतो," बाळ्या म्हणाला. "आणून कोण टाकेल?"

"माझे दीर," गोदीवाल्या बाई म्हणाल्या.

बाईंची होड्यांची गोदी आणि दिरांची गोदी शेजारी शेजारी होत्या, मधे एक भिंत. बाईंचे यजमान गेल्यापासून वाटणीच्या वादात दोघं बारा वर्षं एकमेकांना पाण्यात पाहत होते. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही गोद्यांचा गाळ एकाच ड्रेजरने काढायचा करार झाला आणि त्या निमित्ताने बोलणं सुरू झालं. परवा तर दोघांनी एकत्र चहासुद्धा घेतला होता.

उपसा झाला त्या दिवशी बाईंच्या गोदीची मोजणी बरोबर आली. पण काम पुरं झाल्याची सही लगेच करायची नसते. ढवळलेला गाळ बसायला पंधरा दिवस द्यायचे, मग पुन्हा मोजायचं, अशी पद्धत. काल ती दुसरी मोजणी झाली आणि सगळीकडे वीतभर खोली कमी भरली.

"भिंतीखालून त्यांनी आपला गाळ माझ्याकडे लोटला." बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "आज पाच वाजता ड्रेजरवाला सहीसाठी येईल. तेव्हाच हे भाऊजींच्या हातात देणार. करार संपला, बोलणंही संपलं." शेवटचे शब्द बोलताना त्यांचा आवाज जरा बसला. ताईंनी ते टिपलं.

दुपारी तीन वाजता भावंडं गोदीवर पोचली. उन्हात पाणी संथ चमकत होतं आणि धक्क्यावर ओल्या दोरांचा वास होता. बाळ्याला जागा भलतीच आवडली. धक्क्याच्या टोकाशी लाकडी खांबावर भरतीची पट्टी ठोकलेली होती. पांढऱ्या रंगावर ठसठशीत काळे आकडे, दोनाच्या शेपटीला ऐटबाज गिरकी.

"चष्म्याशिवाय वाचता येतंय!" बाळ्या खूश झाला. "बाई, पट्टी मस्त रंगवलीत हो."

"मी नाही, मोजणीदाराने रंगवली असेल. जुने आकडे इतके पुसट झाले होते की रोज सकाळी डोळे ताणावे लागायचे. मी सगळ्यांपाशी कुरकुरत होते."

बाळ्याने आपली टोपी पट्टीच्या वर अडकवायला खिळा शोधला. तिथे नुसती दोन जुनी भोकं होती आणि त्यांच्या भोवतीचं लाकूड बाकीच्या खांबापेक्षा उजळ होतं. टोपी परत डोक्यावर गेली.

मोजणीदार भिडस्त माणूस होता. त्याने दोन्ही मोजण्यांचे कागद पुढे केले. "मी होडीतून वजनाची दोरी सोडून पाणी मोजतो. त्यातून पट्टीवर दिसते तेवढी भरती वजा करतो. उरते ती तळाची खरी खोली. पंचवीस वर्षं हेच करतोय, ताई."

"पट्टी छान रंगवलीत."

"मी? बाईंनी रंगवून घेतली ना?"

ताईंचं बोट कागदाच्या शेवटच्या ओळीवर थांबलं. गोदीच्या तोंडाशी असलेल्या दगडी उंबऱ्यावरची खोली. आधी दोन मीटर दहा, आता एक मीटर नव्वद.

"तिथेही वीतभर गाळ!" बाळ्या म्हणाला. "म्हणजे दीर अगदी दारापर्यंत लोटत गेले."

ड्रेजरवाला आपल्या यंत्राच्या सावलीत बसून दाढी खाजवत होता. "माझ्यावर घालू नका. मी सांगितलं तेवढं काढलंय."

"उंबऱ्यापाशीही?"

"उंबऱ्याला कोण हात लावतो? दगड आहे तो. आणि प्रत्येक ओहोटीला पाणी त्याच्यावरून असं धावतं की गाळाचा कण टिकत नाही."

राहिले दीर. आपल्या गोदीत ते एका होडीच्या अंगावर क्रमांक काढत होते. बारा दोन बावीस. चारही दोनांना गिरकी. "मी रंगारी माणूस," ते म्हणाले. "मोजणीचं सगळं दादा बघायचा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. वहिनींना वाटतं मी गाळ लोटला? कशाने लोटणार, ब्रशने?" ते हसायला गेले, पण हसू काही जमलं नाही. "बारा वर्षांनी चहा प्यायलो हो आम्ही."

पाच वाजता सगळे धक्क्यावर जमले. बाईंच्या हातात पाकीट होतं.

"आधी उंबऱ्यावर बांबू टेकवा," ताई ड्रेजरवाल्याला म्हणाल्या.

तो होडीतून गेला आणि बांबू खाली सोडला. खट्ट आवाज आला. दोनदा, तीनदा, प्रत्येक वेळी खट्ट.

"दगड," तो ओरडला. "कोरा दगड!"

"म्हणजे उंबऱ्यावर गाळ नाही," ताई म्हणाल्या. "दगड काही वाढत नाही. तरी कागदावर तो वीतभर वर आलाय. मग बाकीच्या गोदीत तरी गाळ आलाय कशावरून? शिवाय लोटलेला गाळ भिंतीपाशी जास्त आणि लांब कमी असेल. इथे सगळीकडे सारखा वीतभर. तळ बदललेला नाही, माप बदललंय."

"माझी दोरी तीच आहे," मोजणीदार घाबरून म्हणाला.

"दोरी तीच, पट्टीची जागा नाही. बाळ्या, टोपी कुठे अडकवत होतास?"

बाळ्याने भोकांकडे बोट दाखवलं आणि ते बोट तसंच राहिलं. "अरेच्चा! पट्टी आधी इथे होती."

"लाकूड उजळ आहे, कारण वर्षानुवर्षं ते पट्टीखाली झाकलेलं होतं. आता पट्टी वीतभर खाली आहे, म्हणून पाणी तिच्यावर वीतभर जास्त दिसतं. भरती जास्त वजा झाली, खोली कमी उरली. बाई म्हणतात मोजणीदाराने रंगवली, तो म्हणतो बाईंनी. असे ऐटबाज दोन मी आज आणखी एकाच ठिकाणी पाहिले."

सगळ्यांच्या नजरा दिरांकडे वळल्या. त्यांचे कान लाल झाले.

"जुन्या भोकांत खिळा धरेना," ते पुटपुटले. "म्हणून जरा खाली ठोकली. त्याने एवढं होईल असं वाटलंच नाही."

"सांगितलं का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मी काय आंधळी झालेय?"

"म्हणालेच असते," बाई म्हणाल्या.

मग बराच वेळ त्या पट्टीवरचे आकडे वाचत उभ्या राहिल्या. पाकीट त्यांनी पिशवीत टाकलं, रुमाल काढला आणि ड्रेजरवाल्याला म्हणाल्या, "आण, कुठे सही करायची?" पण कागद समोर आला तेव्हा त्यांना ओळ दिसेना. मोजणीदार पुढे झाला. त्याला बाजूला सारत त्यांनी कागद दिरांसमोर धरला.

"भाऊजी, कुठे करू ते दाखवा. आणि उद्या पट्टी वीतभर वर घ्या. ते झालं की मला चष्म्याच्या दुकानात घेऊन चला."