सहावं नाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. कामरगावहून जीपनं अर्धा तास, एवढंच समजा. माणसांची नावंही बदलली आहेत. खरं नाव कळलं तर तुम्ही लगेच ते पान उघडाल, आणि तेच नको आहे. बाकी सगळं माझ्या मावसवहिनीच्या, नीलिमाच्या घरात घडलेलं आहे.

गेल्या मे महिन्यातली भर दुपार.

नीलिमा शाळेत शिकवते. सुट्टीत तिला छंद लागला. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात, जिथं कोणीही लिहितं आणि कोणीही खोडतं, तिनं गावाचं पान सुरू केलं. शाळा, देऊळ, आणि बाहत्तरच्या दुष्काळात खोदलेली विहीर. विहिरीची माहिती सासऱ्यांची. उकंडराव त्या कामावर मुकादम होते.

"दरड पडली, पाच मजूर गेले," ते म्हणाले होते. तिनं पाच नावं लिहिली.

दुसऱ्या दिवशी तिथं सहा होती…

'रामी, वय अकरा.'

लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. नीलिमा नियमाची पक्की. तिनं ओळ खोडली आणि कारण दिलं: संदर्भ द्या.

मागं बाजेवर उकंडराव खोकले.

अर्ध्या तासानं ओळ परत आली. तिनं परत खोडली.

पुन्हा खोकला… या वेळी लांबलेला, कोरडा.

अंगणातल्या चिमण्या गप्प झाल्या होत्या. कूलर फिरत होता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. कुठून तरी मातीचं टोपलं रिकामं केल्यासारखा आवाज आला… धप्प.

थोड्या वेळानं पुन्हा… धप्प.

ओळ तिसऱ्यांदा आली. आता खाली संदर्भही होता.

'मुकादमाले इचारा.'

नीलिमानं घाबरून तेही खोडलं.

उकंडराव ताडकन उठून बसले. तोंड उघडं, पण श्वास नाही. तिनं पाठ चोळली, तोंडात बोट घातलं. बोटाला ओली काळी माती लागली.

मे महिन्यात. घरात. ओली माती!

तिला काय सुचलं कोण जाणे. तिनं मोबाइल उचलला आणि ती ओळ स्वतःच्या हातानं परत लिहिली.

उकंडरावांनी मोठ्यानं श्वास घेतला.

"मामाजी, रामी कोन होती?"

म्हातारा हुंदके देऊन रडला. "एवढ्या लहान पोरीले कामावर घेता येत नोतं व. म्हून हजेरीत नाव नाही लावलं. दरड पडली तवा पाच काढले. तिच्यासाठी खोदलं असतं तर माही मुकादमी गेली असती. खालून आवाज येऊन राह्यला होता… म्या वरून मुरूम टाकाले लावला. मंग विहीर बाजूले खोदली."

"अन् तिची माय?"

"तिले म्हनलं, तुही पोरगी आज आलीच नोती."

नीलिमाला किळस आली. तरी तिनं त्यांना पाणी पाजलं. संदर्भात लिहिलं: मुकादमांनी स्वतः सांगितलं.

शाळा सुरू झाली. एका सकाळी कुठल्याशा शहरातल्या नियमवाल्या माणसानं ती ओळ काढून टाकली. तोंडी माहिती चालत नाही म्हणे. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

वर्गात तिला नवऱ्याचा, भागवतचा, फोन आला. "बाबा श्वास नाही घेऊन राह्यले व!"

तिनं एक शब्द विचारला नाही. आधी पान उघडलं, ओळ लिहिली, मग घराकडे धावली.

उशीर झाला होता.

म्हातारा गेला, आता तरी हे थांबेल असं तिला वाटलं. पण पोळ्याच्या दिवशी पुन्हा कोणीतरी ओळ काढली. तिला ते संध्याकाळी दिसलं. भागवत त्या दिवशी सकाळपासून घसा खाकरत होता…

आता ती तासातासाला पान बघते. लग्नात, बसमध्ये, कुठंही. तरी कधीतरी नजर चुकतेच.

परवा भागवत दात घासून थुंकला, तेव्हा ती मागंच उभी होती.

"काय पाहून राह्यली व?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि त्यानं खाली बघायच्या आत नळ मोठा सोडला.