जिवंतांच्या पानावर उस्तिन्या

व्होल्गाकाठच्या त्या गावात चर्चच्या प्रसादाचे पाव अग्राफेना भाजायची. विधवा बाई, हात स्वच्छ, तोंड तिखट. १८८२च्या जूनमधल्या एका शनिवारी ती कणीक मळत असताना फादर निकांद्र आले आणि तिची नावांची वही टेबलावर ठेवून उभे राहिले. वहीत डावीकडे जिवंतांची नावं, आरोग्यासाठी. उजवीकडे मेलेल्यांची, शांतीसाठी. रविवारी ती वाचली जात, आणि प्रत्येक नावाला पावाचा एक कण काढला जाई. उजवीकडचं शेवटचं नाव फादरनी खोडलं होतं. उस्तिन्या. अग्राफेनाची धाकटी बहीण.

गव्हर्नरवर बॉम्ब टाकणाऱ्या पोरांना उस्तिन्यानं खोली भाड्यानं दिली होती, त्यांचे सदरे धुतले, शिवले होते. तेवढ्यावर तिला कटात ओढलं आणि मार्चमध्ये फासावर चढवलं.

"तिचं नाव मला वाचता येणार नाही," फादर म्हणाले. "वरून हुकूम आहे. माझ्या पोटावर पाय आणू नकोस."

अग्राफेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे पाव चालतात, माझी बहीण चालत नाही? मेलेल्यांत नको ना तुम्हाला ती? बरं."

ते गेल्यावर तिनं पिठाच्याच हातानं पेन्सिल उचलली आणि डावीकडच्या पानावर लिहिलं, उस्तिन्या. जिवंतांचं पान वाचायचा तो म्हातारा डीकन, फादरचा मदतनीस, अर्धा बहिरा. समोर येईल ते नाव तो वाचायचा. रविवारी त्यानं फाशी गेलेल्या बाईचं आरोग्य मागितलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या शनिवारी अग्राफेना उठली तेव्हा कणीक मळून तयार होती. तिच्यावरचे ठसे डाव्या हाताचे होते. उस्तिन्या डावखुरी. अग्राफेनानं पाव तसेच भाजले, आणि ते नेहमीपेक्षा छान फुगले.

मग एका दुपारी शेजारीण फ्योक्लानं कुंपणावरून विचारलं, पाहुणी कोण आलीय, खिडकीत बसून सदरे शिवते, हाक मारली तर मान वळवत नाही. अग्राफेनाच्या घरात पुरुषाचा सदरा एकही नव्हता.

तिसऱ्या शनिवारी फादर पुन्हा आले. बसा म्हटलं तरी बसेनात.

"ते नाव काढ. डीकनला ऐकू येत नाही, मला येतं. त्यानं नाव घेतलं की मागून, बायकांच्या बाजूनं, कुणीतरी 'हजर' म्हणतं. तुरुंगात हजेरीला म्हणतात तसं."

अग्राफेनानं टेबलावरची वही उचलली.

"मी तिला मेलेल्यांत वाचतो. वरच्यांचं मी बघून घेईन. उद्याच वाचतो."

हेच तर तिला हवं होतं. पण दयेनं नाही, भीतीनं कबूल झाला होता हा माणूस. तिचा राग आणखीच भडकला.

"मेलेल्यांत लिहिली तेव्हा तुमच्याकडे तिला जागा नव्हती. आता वाचू द्या तिला जिवंतांत, दर रविवारी. आणि ऐका."

तिनं वही चुलीत टाकली. "नाव डीकनला पाठ झालंय," ती म्हणाली.

फादर गेले.

चुलीमागच्या बाकावर कुणीतरी हललं.

"ग्रूशा." या नावानं तिला एकटी उस्तिन्या हाक मारायची. आवाज घोगरा होता, ओढून काढलेला.

"गळा अजून आवळलेलाच आहे गं. मला तिकडच्या, शांतीच्या पानावर का नाही राहू दिलंस?"