पाटी काढलेली जागा

पाटी तुम्ही काढलीत.

तळ्याकाठी फोटो काढायचे परवाने ज्या कचेरीतून मिळतात, तिथल्या साहेबांना मी हे तोंडावर सांगतोय. दोन लोखंडी खांबांवर एक पाटी उभी होती. ती तुम्ही काढलीत. खांब बुंध्याशी कापलेत, उरलेल्या खुंटांना गवतासारखा हिरवा रंग फासलात, आणि ती जागा छापील यादीत घातलीत. 'कौटुंबिक छायाचित्रांसाठी योग्य.' जागा क्रमांक तीन.

खाली लिहिलंय ते घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने तिथे आपली पोरं घेऊन जावं आणि मग मला खोटारडा म्हणावं.

माझी मावसबहीण, आम्ही तिला ताई म्हणतो, हिच्यासमोर हे घडलं. भावोजी फोटोग्राफर. फोटो त्यांचा, पण जागा ताईची. डोंगर, झाडं, पाणी, कुठे कुणाला बसवायचं हे ती ठरवते. आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघून येते. ऊन कुठून येतं, गवत कोरडं आहे का, म्हातारं माणूस तिथवर चालेल का, बाथरूम किती लांब, सगळं वहीत टिपते.

"जागा सुंदर नसली तरी चालते," ती म्हणायची. "सोयीची हवी. माणसं तरी कुठे सुंदर असतात?"

या वेळी काम घरचंच होतं. ताईचा भाऊ, दादा, दोन वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाला होता. आठ दिवस उरले होते. सोबत न्यायला त्याला सगळ्यांचा एक फोटो हवा होता. ताईची आई, दादा, वहिनी, थोरली मुलगी आणि धाकटा, सहा वर्षांचा. त्याला सगळे बटण म्हणतात.

शनिवारी संध्याकाळी ताई एकटी जागा बघायला गेली.

फाटकावरच्या चौकीदाराने परवाना पाहिला. शिक्का उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"तीन नंबर? दोनला सावली बरी आहे, बाई."

"दोनला मागे कचरापेटी येते."

"चारला जा मग."

"चारला चिखल आहे. काका, तीनला काय वाईट आहे?"

त्याने शिक्का मारला.

जागा खरंच चांगली होती. मोकळं गवत, मागे पाणी, बाजूने तिरपं ऊन. ते हिरवे खुंट ताईने पाहिले. फ्रेममध्ये येणार नाहीत एवढंच तपासलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं...

कसलाच आवाज नव्हता. वारा अंगाला लागत होता, पण गवत वाजत नव्हतं. पाणी काठाला लागत होतं, तेही मुकाट्याने.

ताईने वहीत लिहिलं, 'शांत. उत्तम.'

गुडघाभर गवतात एका जागी एक लहानसा गोल दबलेला होता. परातीएवढा. कुत्रं बसलं असेल, असं तिला वाटलं. तिने वहीत खूण केली.

'बसायला आयती जागा. बटण इथे.'

हे वाक्य ती अजून खोडत नाही. मी म्हटलं, पान फाड. ती म्हणाली, "राहू दे. मीच लिहिलंय."

रविवारी पावणेसहाला सगळे तिथे पोचले. लख्ख उजेड होता.

"जावईबापू, खाली बसवताय खरं," आई म्हणाली, "उठवायला क्रेन आणलीय का?"

"तुम्हाला इथेच ठेवून जायचा बेत आहे."

"ठेवा. घरी तरी कोण विचारतंय?"

वहिनी दादाची कॉलर नीट करत होती. थोरली तोंड फुगवून बसली होती, तिला दुसरा ड्रेस घालायचा होता. ताईने बटणाचा हात धरला आणि त्याला त्या गोलात बसवलं. अगदी नेमका मावला.

भावोजींची एक रीत आहे. 'हसा' म्हटलं की माणसं नुसते दात दाखवतात, म्हणून ते प्रत्येकाला ओळीने आपला आकडा बोलायला लावतात. शेवटचा बोलला की फोटो.

"चला. आईंपासून."

"एक," आई म्हणाली.

"दोन," दादा.

"तीन," वहिनी.

"चार," थोरली, नाक मुरडून.

"पाच," बटण ओरडला.

आणि...

"सहा."

हळू. वर्गात हजेरी देतात तसं.

दादाने बटणाच्या डोक्यात टपली मारली. "दोनदा कशाला बोलतोस रे?"

"मी नाही बोललो."

"मग काय मी बोलले?" थोरली म्हणाली. "सगळ्यात मध्ये मध्ये करायचं असतं याला."

सगळे हसले. भावोजी म्हणाले, पुन्हा घेऊ.

ताई बाजूला उभी होती. हातात पांढरा फोम-बोर्ड, उन्हाचा उजेड बटणाच्या तोंडावर पाडायला. म्हणून ती फक्त त्याच्याकडेच बघत होती.

एक.

दोन.

तीन.

चार.

"पाच."

खट्.

बटणाचं तोंड मिटलेलं होतं.

ताईने ते डोळ्यांनी पाहिलं. ओठ हललेच नाहीत. आवाज आला तो त्याच्या डाव्या बाजूने, जिथे कुणीही बसलेलं नव्हतं.

"झकास आला," भावोजी म्हणाले. "उठा."

आपल्याला भास झाला असेल, दिवसभर उन्हात आहोत, असं ताईने स्वतःला समजावलं. फोम-बोर्ड काखेत धरला, पिशव्या उचलल्या. निघताना एकदा मागे वळून पाहिलं.

गवतात चार जागा दबलेल्या होत्या. आईची, दादाची, वहिनीची, थोरलीची.

आणि बटणाची...

तिथलं गवत ताठ उभं होतं. कालचा गोलसुद्धा नव्हता. तिथे कधी कुणी बसलंच नव्हतं जणू.

गाडीत बटण खिडकीसाठी भांडला नाही. थोरलीला चिकटून बसला आणि दाराच्या बाजूला हातभर जागा सोडली. वहिनी म्हणाली, सरक तिकडे. तो सरकला नाही.

फोटोत काही नाही. लगेच विचाराल म्हणून सांगतो. भावोजींनी तो मोठा करून तासभर पाहिला. पाच माणसं आहेत. चौघं हसतायत, एक तोंड मिटून बसलंय. त्यांच्या आजवरच्या कामातला चांगला फोटो आहे तो. दादाने फ्रेम करून बॅगेत ठेवला.

दादा निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे त्याच्या घरी जमले होते. अर्धी भरलेली बॅग, वजनाचा काटा, त्यावरून वाद. आई म्हणाली, एक साधा फोटो मोबाईलवर काढा, सोफ्यावर, घरातल्या कपड्यांत. ताईने मोबाईल धरला. सवयीने सगळे बोलायला लागले.

"एक."

"दोन."

"तीन."

"चार."

मग कुणीच बोललं नाही.

बटण गप्प बसला होता. मान थोडी डावीकडे. कुणाचं तरी बोलणं संपायची वाट बघतात तशी.

"बटण, बोल की," दादा म्हणाला.

"थांबा ना, बाबा."

पंख्याचा आवाज येत होता. मग तोही येईनासा झाला. पंखा फिरत होता.

"सहा," बटण म्हणाला.

"अरे, तुझा पाच," ताई म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"पाच झालं की, आत्या. तुम्ही ऐकतच नाही."

त्याने उशी उचलून मांडीवर घेतली. डाव्या बाजूला जागा झाली.

दुसऱ्या दिवशी दादाला विमानात बसवून ताई तशीच तळ्यावर गेली. चौकीदार खुर्चीत होता. तिला बघून उठला नाही.

"काका, तिथे कसली पाटी होती?"

"गंजली होती. काढली."

"त्यावर काय लिहिलं होतं?"

"मुलांना इथे बसवू नये."

"एवढंच?"

त्याने फाटकाकडे बघितलं. "खाली एक आकडा होता. दोन-चार वर्षांनी साहेबांचा निरोप यायचा, एकाने वाढव. मी ब्रश घेऊन वाढवायचो. आम्हाला विचारायचं नसतं, बाई."

"शेवटी किती केला होतात?"

"पाच."

"मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. दोनला जा म्हटलं, चारला जा म्हटलं. याहून जास्त बोललो तर नोकरी जाते."

ताई रडली नाही. त्या दिवसापासून ती रडतही नाही आणि चिडतही नाही. जागा बघायचं काम तिने सोडलं. भावोजी आता स्टुडिओत, पडद्यासमोर फोटो काढतात.

बटण शाळेत जातो. जेवतो. डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे. हाक मारली की येतो, पण थोड्या वेळाने. आधी दुसरं कुणी उठलं आणि मग हा उठला, असा. वहिनी रात्री त्याला कुशीत घेते, तर तो तिचा हात हलकेच बाजूला करतो.

"त्याला लागतो," म्हणतो.

ताईने तुमच्याकडे तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं. 'सदर ठिकाणी कोणतीही पाटी असल्याची नोंद आढळत नाही.' त्याच लिफाफ्यात नवीन वर्षाची छापील यादी होती. जागा क्रमांक तीन तशीच आहे.

ते खुंट मी जाऊन पाहून आलो. हिरवा रंग नखाने खरवडला तर खाली लोखंड निघतं. नोंद नसलेल्या पाटीचे खांब तुमच्या आवारात कुणी पुरले?

मला दिलगिरी नको. चौकशी समिती नको. भुताखेतांवर विश्वास आहे का, हेही मी तुम्हाला विचारत नाही.

तो आकडा कशाचा होता, एवढं सांगा.

आणि तुमच्या कुठल्या तरी कपाटात तो आजही लिहिलेला असेल, तर बघून सांगा... आता तो किती आहे?