प्रलयकण

लोणारच्या विवराच्या काठावर, जिथं एकदा आकाशातून धोंडा पडला होता, तिथंच प्रलयभाकित संशोधन केंद्र उभारण्यामागं कुणाचं तरी थट्टेखोर डोकं असावं. केंद्राची एक रीत होती. कुणी जगबुडीची तारीख सांगितली आणि ती सुखरूप उलटली, की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गरम जिलेबी. एके काळी महिन्यातून दोनदा कढई चढायची. आता मात्र काही वर्षं जिलेबीचं नाव नव्हतं, कारण अख्ख्या जगात कुणी एकसुद्धा भाकीत केलं नव्हतं.

केंद्राच्या प्रमुख, मेंदूशास्त्रज्ञ वैदेही मापारी, बेहद्द खूश होत्या. दुपारी जागतिक सभेचे प्रतिनिधी लोणारला येणार होते. आकाशातली संकटं वाटेतच ढकलून देण्यासाठी बांधलेली रक्षकयानं मोडीत काढायची का, हे वैदेहींच्या अहवालावर ठरणार होतं. अहवालाचा मथितार्थ सोपा होता: माणूस शहाणा झाला, यानं खुशाल मोडा.

सकाळी त्यांनी तो खगोलशास्त्रज्ञ इग्नेशियस डाबरे यांना दाखवला. डाबरे वसईचे, तरुणपणी मालवाहू जहाजांवर काम केलेले आणि केंद्रात अगदी नवे. त्यांना सगळं मुळापासून समजून घ्यायचं होतं, आणि वैदेहींना तर समजावून सांगायची हौसच होती.

माणसाच्या मेंदूत लोहाचे अतिसूक्ष्म चुंबकीय कण असतात, त्यांनी सांगितलं. सूर्यमालेतून न दिसणारे, जबर चुंबकीय कृष्णपिंड सतत ये-जा करत असतात. एखादा बाजूनं निघून गेला, की त्याची दिशा बदलते, तसे हे प्रलयकणही वळतात आणि हळव्या मेंदूंना वाटू लागतं, संपलं सगळं. मग जो तो हाताला येईल ते कारण पकडतो. १९१० साली धूमकेतूच्या शेपटीवर खापर फुटलं आणि लोकांनी त्यावर गोळ्यासुद्धा खाल्ल्या. १९६२ साली आठ ग्रह एकत्र आले म्हणून ठिकठिकाणी होम पेटले. २०१२ साली तर कुठल्या तरी परक्या, जुन्या कालगणनेला वेठीला धरलं. तारखा साफ चुकल्या, पण भीती मात्र उगाच नव्हती.

"सापाची भीती डोळ्यांतून येते, डाबरे सर," वैदेही म्हणाल्या. "जगबुडीची फक्त या कणांतून. आम्ही चुंबकानं कण धरून ठेवले आणि लोकांना पृथ्वी जळताना दाखवली. मंडळी आरामात चहा मागत होती."

डाबरे हसले. त्यांनी विचारलं, की पिंडाची दिशा बदललीच नाही तर काय होईल. कण जागचे हलणार नाहीत, वैदेही म्हणाल्या. पृथ्वीच्या फिरण्याचा बदल मेंदू सवयीनं वजा करतो.

"जहाजावर आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात," डाबरे सावकाश म्हणाले. "समोरचं जहाज बाजूला सरकत असेल, तर ते निघून जाणार. एकाच दिशेला दिसत राहिलं आणि नुसतं मोठं होत गेलं, तर ते आपल्यावर येतंय."

वैदेही ताडकन उठल्या. त्यांनी आधी स्वतःला दिशामापी यंत्राखाली बसवलं, मग डाबऱ्यांना, मग हाती लागेल त्याला. सगळ्यांचे कण आकाशातल्या एकाच बिंदूकडे तोंड करून घट्ट बसले होते. एका मोठ्या पिंडानं ते असे धरले होते, की इतर पिंडांची ओढ त्यांना हलवूच शकत नव्हती. जुन्या मोजण्यांतही दिशा तीच होती, ओढ तेवढी वाढत चालली होती. डाबऱ्यांनी गणित मांडलं. नऊ वर्षं उरली होती. यानं लगेच निघाली, तर पिंड वाटेवरून ढळला असता.

वैदेही आनंदानं थरथरत होत्या. इतका सुंदर शोध त्यांनी जन्मात लावला नव्हता.

"मॅडम, तुम्हाला भीती वाटतेय?" डाबऱ्यांनी विचारलं.

"नाही हो. तुम्हाला?"

"मलाही नाही. वाटायला हवी ना?"

दुपारी वैदेहींनी अहवाल बाजूला ठेवला आणि सभेला सगळं सरळ सांगितलं. पिंड येतोय. आपल्याला भीती वाटत नाही, हाच त्याचा पुरावा. यानं आजच सोडा. प्रतिनिधी खुर्च्या पुढं ओढून ऐकत होते. त्यांनी नेमके, हुशारीचे प्रश्न विचारले, उत्तरं पटल्याचं कबूल केलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. पिंडाला मापारी नाव द्यावं, असंही कुणी सुचवलं.

मग अध्यक्षांनी हसतमुखानं कामकाज पुढं नेलं. यानांचा धातू नव्या इस्पितळांना लागणार होता आणि कामं खोळंबली होती. यानं मोडण्याच्या बाजूनं एकेक हात वर होऊ लागला.

आत्ता टेबलावर चढून किंचाळायला हवं, हे वैदेहींना स्वच्छ कळत होतं. त्यांनी जीव तोडून प्रयत्न केला. पण आतून वर आला तो निव्वळ आनंद, आपलं म्हणणं सगळ्यांना इतकं नीट समजल्याचा. सभेचे आभार मानून त्या खाली बसल्या.